सिग्नल, कॅमेरे, टोल: नागपुरातल्या छोट्या युनिटनं आयटीएसच्या धंद्यात उतरावं का?

प्रश्न थोडक्यात असा आला आहे. हिंगणा एमआयडीसीत दहा-बारा माणसांचं युनिट आहे, कंट्रोल पॅनल आणि एलईडी डिस्प्ले बनवतात, आजवर कारखान्यांचीच कामं केली. आता जिकडं तिकडं ऐकू येऊन राहिलं की रस्त्यावरच्या स्मार्ट सिस्टिमचं, म्हणजे आयटीएसचं मार्केट जोरात वाढणार आहे. मग स्वतःचा सिग्नल कंट्रोलर किंवा नंबर प्लेट वाचणारा कॅमेरा बनवून उतरावं का, आणि पैसा नेमका कुठं आहे?

भाऊ, मी या कामात २२ वर्षं आहे. सुरुवात टोल नाक्यावरच्या लेनमध्ये केबल ओढण्यापासून केली, मग शहरातले सिग्नल, मग हायवेचे कॅमेरे आणि मोठे बोर्ड, आणि आता जास्त काम देखभालीचं. सांगतो ते सगळं याच अनुभवातून, आणि आधीच सांगून टाकतो की माझं उत्तर "उतरा" असंच आहे, फक्त तुम्ही जिथून उतरायचं म्हणता तिथून उतरू नका.

आधी ते मार्केट रिपोर्ट बाजूला ठेवा. प्रत्येक रिपोर्टमध्ये आयटीएसचा आकडा वेगळा निघतो कारण कोणी त्यात टोल धरतो, कोणी पार्किंग धरतो, कोणी बसमधलं जीपीएस आणि गाडीतलं सेन्सर पण धरतो. तुम्हाला आकड्यापेक्षा हे बघायचं आहे की पैसा कोणाच्या खिशातून निघतो, कधी निघतो आणि तुमच्या हातात येईपर्यंत किती दिवस लागतात. आपल्याकडं या धंद्यात गिऱ्हाईक जवळजवळ एकच, ते म्हणजे सरकार. महापालिका, पोलीस, एनएचएआय, एमएसआरडीसी, परिवहन खातं, नावं वेगळी पण टेंडरचा कागद सारखाच. कारखानदार मालक बोर्ड पाहून "चांगला आहे, द्या चार" म्हणतो तसं इथं कोणी म्हणत नाही. इथं टर्नओव्हर लागतं, आधी तसंच काम केल्याचं सर्टिफिकेट लागतं, ईएमडी म्हणजे टेंडरसोबत भरायची अनामत लागते, बँक गॅरंटी लागते, मोठ्या कंपनीचं ऑथरायझेशन लेटर लागतं. स्टार्टअप म्हणून नोंद असेल तर अनुभवाच्या आणि ईएमडीच्या अटीत सूट मिळते, पण संपूर्ण शहराच्या सिग्नलचं काम त्या सुटीवर कोणी देत नाही, देऊही नये खरं तर.

म्हणून मोठं टेंडर मोठ्या घराकडंच जातं. नागपुरात स्मार्ट सिटीचं कॅमेऱ्यांचं आणि ऑप्टिकल फायबरचं काम एल अँड टीनं केलं, आताची एकात्मिक ट्रॅफिक सिस्टिम केरळ सरकारच्या केल्ट्रॉनकडं आहे. बाहेर पाहिलं तर ऑस्ट्रियाची कॅप्श आणि स्वार्को, सीमेन्समधून निघालेली युनेक्स, हे जुने खेळाडू. नंबर प्लेट वाचण्यात नोएडाची वेहंट, कोलकात्याची व्हिडिओनेटिक्स यांनी वर्षानुवर्षं भारतीय प्लेटांवर काम केलं आहे. यांच्यासमोर दहा माणसांचं युनिट नवा कॅमेरा घेऊन उभं राहिलं तर दोन वर्षांत भांडवल संपतं, मी दोन ओळखीच्या पोरांचं संपताना पाहिलं आहे.

आता कॅमेऱ्याचंच बघा, कारण तुमचा जीव त्यात आहे असं प्रश्नावरून वाटलं. प्लेट वाचणारं सॉफ्टवेअर आता सोपं झालं, मोफत मिळणाऱ्या मॉडेलवर कॉलेजची पोरं सुद्धा डेमो दाखवतात, आणि डेमोत ९५ टक्के प्लेटा बरोबर येतात. अडतं पुढं. आपल्याकडं आकडे वळवून "दादा" नि "राम" लिहिलेल्या प्लेटा आहेत, चिखलानं भरलेल्या आहेत, ट्रकच्या मागं साखळीमागं लपलेल्या आहेत, एचएसआरपी, म्हणजे सरकारी हाय सिक्युरिटी नंबर प्लेट, २०१९ च्या एप्रिलपासून नव्या गाड्यांना आली पण जुन्या गाड्यांचं अजून चालूच आहे. तेही एकवेळ जमेल. खरी परीक्षा म्हणजे तुमच्या फोटोवर चलान टिकलं पाहिजे. ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्रानं मोटार वाहन नियमात १६७ए हा नियम आणला. त्यात उपकरणाला मंजुरीचं सर्टिफिकेट पाहिजे आणि ते दरवर्षी रिन्यू करायचं, फोटोवर जागा, तारीख, वेळ पाहिजे, नोटीस १५ दिवसांत गेली पाहिजे, आणि प्रकरण मिटेपर्यंत रेकॉर्ड जपून ठेवायचं. कोर्टात इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं सर्टिफिकेट लागतं ते वेगळं. म्हणजे तुमच्या कॅमेऱ्याचं घड्याळ ४० सेकंद मागं चालत असेल तर प्लेट कितीही स्वच्छ वाचा, वकील पहिल्या पाच मिनिटांत केस उडवतो. त्यात सीसीटीव्हीला एप्रिल २०२५ पासून सिक्युरिटीच्या सक्तीच्या चाचण्या लागू झाल्या. हा सगळा खर्च एका मॉडेलवर काढायचा तर हजारोंनी कॅमेरे विकावे लागतात.

पण त्याच नियमात तुमच्यासाठी एक दार पण उघडं आहे. तो नियम सांगतो की दहा लाखांवर लोकसंख्येची शहरं आणि हवा-प्रदूषणाच्या यादीतली शहरं मिळून १३२ शहरांत, आणि हायवेच्या धोक्याच्या पट्ट्यांत ही उपकरणं बसवायची. यात सगळ्यात जास्त शहरं महाराष्ट्रातली होती, १९, आणि नागपूर त्यात आहे. एवढी उपकरणं कोणीतरी खांबावर बसवणार, कोणीतरी त्यांना वीज देणार, कोणीतरी दर महिन्याला काच पुसणार, वर्षाला कॅलिब्रेशन करून घेणार. दिल्लीची कंपनी काच पुसायला नागपूरला येत नाही ना.

एक प्रसंग सांगतो, त्यावरून माझा मुद्दा कळेल. मे महिना, दुपारचे दोन, एका मोठ्या रस्त्यावरचा चौक. शहराचं नाव सांगत नाही पण ऊन आपल्यासारखंच. कंट्रोल रूममधून फोन आला की चौक ऑफलाइन. गेलो, तर कॅबिनेटच्या कुलुपाला हात लागत नव्हता, रुमाल धरून उघडलं. आत फॅन फिरत होता पण फिल्टर धुळीनं असा बसला होता की हवा आत येतच नव्हती, फॅन आतलीच गरम हवा घुसळून राहिला होता. यूपीएसच्या बॅटऱ्या फुगलेल्या, एक फाटलेली, आणि पॉवर सप्लाय दर अकरा-बारा मिनिटांनी गरम होऊन बंद पडायचा, थंड झाला की सुरू, परत बंद. आम्ही आत थर्मामीटर ठेवला तर ६० च्या वर गेला. आता त्या कंट्रोलरचा सप्लायर युरोपातला नावाजलेला, त्याच्या मालात काहीच खोट नव्हती. कॅबिनेट मात्र शेवटच्या क्षणी सगळ्यात स्वस्त बनवून घेतलेलं, एकेरी पत्र्याचं, गडद रंगाचं, वर सावलीचं छप्पर नाही, फिल्टर काढायला चार स्क्रू आणि ते पण गंजलेले. लाखोंची सिस्टिम त्या पत्र्यापायी पडली होती.

लेड ॲसिड बॅटरीचं साधं गणित आहे, २५ डिग्रीच्या वर दर दहा डिग्रीला आयुष्य जवळपास निम्मं होतं. कागदावर पाच वर्षांची बॅटरी आपल्या उन्हात अशा डब्यात दीड-दोन वर्षांत मरते. टेंडरमध्ये लिहिलेलं असतं "यूपीएस बॅकअप अमुक तास", डबा किती तापेल ते कोणी लिहीत नाही. तुम्ही पॅनलवाले आहात, तुम्हाला हे माझ्यापेक्षा जास्त कळतं. दुहेरी पत्रा, पांढरा रंग, वरून वेगळं छप्पर, खालून हवा, हातानं ओढून निघणारा फिल्टर, लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी, आणि आतलं तापमान मोजून मोबाइलवर पाठवणारं एक साधं कार्ड. हे प्रॉडक्ट आहे भाऊ. याला पेटंट लागत नाही, पण विदर्भ, मराठवाडा, तेलंगणा, छत्तीसगड एवढ्या उन्हाच्या पट्ट्यात जिथं जिथं सिग्नल आणि कॅमेरा आहे तिथं ते लागतं, आणि ते मोठ्या कंपनीला विकता येतं. मोठी कंपनी ४५ दिवसांत का होईना पैसे देते, महापालिकेच्या बिलाची वाट ती स्वतः पाहते.

आता सिग्नलचं. "ॲडॅप्टिव्ह सिग्नल" म्हणजे गर्दी पाहून हिरव्याचा वेळ स्वतः ठरवणारा, हे आज प्रत्येक टेंडरमध्ये असतं. जगात ब्रिटनचं स्कूट आणि सिडनीचं स्कॅट्स हे जुने, दोन्ही मूळचे रस्त्यात पुरलेल्या, वरून गेलेली गाडी ओळखणाऱ्या वायरच्या लूपवर चालणारे, आणि दोघांचं गृहीतक हे की गाडी आपल्या लेनमध्ये येते. आपल्याकडं एका लेनच्या रुंदीत एक ऑटो, तीन बाइक आणि मधून शिरणारी सायकल असते, आणि लूप पुरला की सहा महिन्यांत कोणी ना कोणी पाइपलाइनसाठी रस्ता फोडतोच. म्हणून तिरुवनंतपुरमच्या सी-डॅकनं आपल्या मिश्र ट्रॅफिकसाठी कॉसिकॉस्ट नावाची पद्धत बनवली, ती तंत्रज्ञान कंपन्यांना देतात, बंगळुरूत ती वापरात आहे. तुम्ही कंट्रोलर बनवायचाच म्हणत असाल तर शून्यातून डोकं लढवण्यापेक्षा तिकडं विचारा.

पण ॲडॅप्टिव्हमध्ये सगळ्यात नाजूक भाग गाडी मोजण्याचा आहे, आणि तो स्थानिक आहे. उन्हाळ्यात आपल्याकडं सिग्नलवर हिरव्या जाळ्या बांधतात ना, आणि जिथं जाळी नाही तिथं लोक झाडाच्या सावलीत थांबतात, स्टॉप लाइनपासून २५-३० मीटर मागं. कॅमेऱ्याचा मोजायचा चौकोन आखलेला असतो स्टॉप लाइनला लागून. झालं, सिस्टिमला दिसतं रस्ता रिकामा, ती त्या बाजूला कमीत कमी हिरवा देते, सावलीतले चाळीस बाइकवाले निघेपर्यंत पिवळा होतो. आम्हाला हे कळायला तीन दिवस चौकात उभं राहावं लागलं, कंट्रोल रूममध्ये बसून ग्राफमध्ये "मागणी कमी" एवढंच दिसत होतं. मग एप्रिल ते जून वेगळा चौकोन आखला, मागं वाढवला. ही सेटिंग कोणत्याही मॅन्युअलमध्ये नाही, आणि नागपुरात तर कडक उन्हात काही सिग्नल दुपारी बंदच ठेवतात, मग त्या बंद तासांचा डेटा शिकणाऱ्या सिस्टिमला देऊ नये हे पण सांगावं लागतं. तसंच डिसेंबरचं अधिवेशन, मारबतची मिरवणूक, दीक्षाभूमीची गर्दी. त्या दिवसांत पोलीस सिग्नल हातात घेतात, घ्यायलाच पाहिजे, आणि त्यानंतर तो ऑटोवर परत टाकायला कोणी विसरलं तर आठवडाभर चौक चुकीच्या वेळेवर चालतो.

हे सगळं करणारा माणूस चौकापासून अर्ध्या तासावर पाहिजे. टेंडरमध्ये एसएलए, म्हणजे सेवेची लेखी हमी असते, समजा ९९ टक्के चालू राहिलं पाहिजे. महिन्याचे ७२० तास, त्याचा एक टक्का म्हणजे ७ तास १२ मिनिटं, एवढंच महिनाभरात बंद राहू शकतं, पुढं दंड. एक रात्र फायबर तुटलं की महिन्याचा कोटा गेला. अशा कामात पुण्या-मुंबईहून माणूस पाठवणाऱ्या कंपनीचं नुकसान ठरलेलं, म्हणून ती स्थानिक पार्टनर शोधतेच. मी आज पोट त्यावर भरतो. आणि हे काम वाढणार, कारण स्मार्ट सिटी मिशन २०१५ ला सुरू झालं नि मार्च २०२५ ला संपलं. १०० शहरांत कंट्रोल सेंटर उभी राहिली, केंद्राचा हप्ता थांबला, पण कॅमेरे, स्विच, सर्व्हर जुने होतच आहेत, आता ते महापालिकेच्या स्वतःच्या बजेटवर चालवायचे आहेत. नवीन घेण्यापेक्षा आहे ते जगवणं याला पुढची काही वर्षं मागणी राहील असं माझं स्पष्ट मत आहे.

टोलमध्ये जाऊ नका, एवढंच सांगतो. फास्टॅग फेब्रुवारी २०२१ पासून सक्तीचा झाला, रीडर आणि टॅग याच्यात आता मार्जिन उरलं नाही. आणि धोरण रातोरात बदलतं. सप्टेंबर २०२४ मध्ये सॅटेलाइटवर टोल घ्यायचे नियम निघाले, पहिले २० किलोमीटर मोफत वगैरे, लोकांनी गाडीत बसवायची डबी बनवायला पैसे टाकले, आणि एप्रिल २०२५ ला मंत्रालयानं सांगितलं की १ मेपासून देशभर असं काही लागू करायचा निर्णय नाही. मग ऑगस्टला ३,००० रुपयांचा वार्षिक पास आला, २०० फेऱ्यांचा. मोठी कंपनी असा झटका झेलते, दहा माणसांचं युनिट नाही झेलत.

गाडीतल्या जीपीएसचं, म्हणजे एआयएस १४० चं पण तेच झालं. जानेवारी २०१९ पासून बस-टॅक्सीसारख्या नव्या सार्वजनिक प्रवासी गाड्यांना ट्रॅकर आणि इमर्जन्सी बटण सक्तीचं, धडाधड डबे विकले गेले, आणि कितीतरी गाड्यांत फिटनेसचं काम झालं की सिमचं रिचार्जच कोणी केलं नाही. बटण दाबलं तर पलीकडं कोणी नाही. मला याचा खरंच राग येतो, कारण ते बटण रात्रीच्या बसमध्ये एकट्या बसलेल्या बाईसाठी आहे.

हायवे मात्र बघा. समृद्धी आपल्या शिवमडक्यापासून सुरू होतो, ७०१ किलोमीटर, जून २०२५ पासून पूर्ण उघडा, कारला १२० चा वेग. जुलै २०२३ मध्ये सिंदखेडराजाजवळ नागपूरहून पुण्याला निघालेली बस जळाली, २५ जण गेले, त्यानंतर या रस्त्यावरच्या सुरक्षेवर कोणाला समजावून सांगायची गरज उरली नाही. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर जुलै २०२४ पासून कॅमेऱ्यांची सिस्टिम चालू झाली, ९४ किलोमीटरमध्ये, ती दोन गॅन्ट्रींमधला, म्हणजे रस्त्यावरच्या दोन कॅमेरा-कमानींमधला, सरासरी वेग पण काढते, म्हणजे कॅमेऱ्याखाली ब्रेक मारून पुढं पळायची सोय राहिली नाही. एनएचएआयच्या २०२३ च्या नव्या धोरणात हायवेचे कॅमेरे चौदा प्रकारच्या घटना पकडतात, उलट्या दिशेनं येणारा, ट्रिपल सीट, रस्त्यावर आलेलं जनावर. नागपूर हे ४४ आणि ५३ या दोन राष्ट्रीय महामार्गांच्या फुलीवर बसलेलं आहे, चारही बाजूला शेकडो किलोमीटर असे खांब उभे राहणार. त्यात ते मोठे मेसेज बोर्ड असतात, आणि तुम्ही एलईडीवाले आहात. फक्त एक गोष्ट: कारखान्यातला डिस्प्ले आणि १२० च्या वेगातून वाचायचा बोर्ड यात फार फरक आहे. १२० ला गाडी सेकंदाला ३३ मीटर जाते, २०० मीटरवरून अक्षर दिसलं तर ड्रायव्हरकडं सहा सेकंद आहेत. देवनागरीत मात्रा नि वेलांट्या त्या अंतरावरून चिकटून एक डाग दिसतात, मी "पुढे अपघात" हा मजकूर "पढ अपघत" असा दिसताना पाहिला आहे. देवनागरी नीट दाखवणारा फॉन्ट आणि पिक्सेलचं अंतर यावर मेहनत घेतलेला बोर्ड मला अजून हवा तसा मिळाला नाही. बनवा, पहिला मी लावून पाहतो.

आपल्या शहरात अजून एक झालं आहे, त्याचा अभ्यास जरूर करा. सप्टेंबर २०२१ मध्ये आयरास्ते नावाचा प्रकल्प इथं सुरू झाला. इंटेल, आयआयआयटी हैदराबादचं आयनाय हे एआय केंद्र, सीआरआरआय ही केंद्राची रस्ते संशोधन संस्था, महिंद्रा आणि महापालिका मिळून. सिटी बसमध्ये समोरच्या धडकेचा इशारा देणारी यंत्रं लावली आणि तो इशारा कुठं कुठं वारंवार येतो त्याचा नकाशा काढला, म्हणजे माणूस मरायच्या आधीच ती जागा कळावी. ब्लॅक स्पॉट म्हणतात ते मेल्यावर, हे त्याच्या आधीचे ग्रे स्पॉट. देशात २०२२ साली १ लाख ६८ हजारांहून जास्त लोक रस्त्यावर गेले, त्यात मला वाटतं सगळ्यात मोलाचं काम हेच आहे. आणि ग्रे स्पॉट कळल्यावर तिथं करायचं काय असतं? ब्लिंकर, चांगला बोर्ड, झेब्रावर लाइट, कधी फक्त झाडाची फांदी छाटणं. अशी पाच-पन्नास हजारांची छोटी कामं वॉर्डाच्या पातळीवर निघतात, तिथं टर्नओव्हरची मोठी अट नसते, आणि तिथलं कम्प्लीशन सर्टिफिकेट पुढच्या टेंडरला कामाला येतं.

पैशाचं शेवटचं सांगतो, कारण इथंच लोक मरतात. एका कामात, कुठलं ते राहू द्या, आमचं बिल १४ महिने अडकलं. काम पूर्ण, चालू, पण तिसऱ्याच एजन्सीच्या जेसीबीनं फायबर तोडलं आणि कोणी दुरुस्त करायचं यावर फाइल फिरत राहिली, तेवढ्यात साहेबांची बदली. मी बायकोचे दागिने ठेवून पगार केले. तेव्हापासून नियम: करारात फायबर, वीज जोडणी आणि खोदकामाची परवानगी कोणाची हे लिहून घेतल्याशिवाय सही नाही, देखभालीचे पैसे तिमाहीला, वर्षाच्या शेवटी नाही, आणि एका कामात भांडवलाच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त अडकवायचं नाही. एमएसएमईची उद्यम नोंदणी असेल तर ४५ दिवसांनंतरच्या उशिरावर कायद्यानं व्याज मागता येतं, सरकारच्या पोर्टलवर तक्रार करता येते, ती नोंदणी आजच करून घ्या नसेल तर.

तर कंट्रोलर आणि कॅमेरा सध्या ठेवा बाजूला. आपल्या नागपूरच्या व्हीएनआयटी इंजिनिअरिंग कॉलेजात ट्रान्सपोर्टेशन शिकवणारी मंडळी आहेत, त्यांच्याशी एकदा बोलून या. आणि कॅबिनेटचं ड्रॉइंग काढायला घ्या, झालं की मला दाखवा. पहिल्यांदा फिल्टर कुठून निघतो ते पाहीन, स्क्रू दिसला तर परत पाठवीन. पुढचा मे यायच्या आत एक नमुना उन्हात, तुमच्याच युनिटच्या गच्चीवर ठेवा, आत थर्मामीटर टाका आणि दुपारी दोनला रोज वाचन घ्या, महिनाभर.